बास नावाचा मासा

माझ्या हातचा मासा एका गरोदर बाईने चार महिने, जवळजवळ दर शनिवारी खाल्ला. तो मीच साफ केला, मीच शिजवला आणि "एक नंबर आहे, बिनधास्त खा" हेही मीच सांगितलं. त्या माशात पारा होता. हे कॅलिफोर्नियात घडलं. मला अमेरिकेत येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आम्ही भोई. भीमेत मासे धरायचे आणि तालुक्याच्या बाजारात विकायचे, हे आमचं काम. वडील होडीवर, आई पाटी घेऊन बाजारात. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मीच. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी माझ्याकडून एकेक फॉर्म भरून घेतला, मुलाखतीला स्वतःची साडी नेसवून पाठवलं, आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर माझ्या आईला घरी बोलावून जेवायला घातलं. मी इथपर्यंत आले ती अशा माणसांच्या जिवावर.

इथे आल्यावर त्या यादीत काका-काकूंची भर पडली. काका मूळचे पुण्याचे. सांता क्लाराला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत तीसेक वर्षं इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर मुलगा आणि सून यांच्यासह सिएरा डोंगराच्या पायथ्याशी एका वसाहतीत राहायला आले होते. मराठी मंडळाच्या यादीत 'नव्या विद्यार्थ्यांना घरी ठेवायला तयार' असं त्यांचं नाव होतं. विमानतळावर ते मला न्यायला आले तेव्हा त्यांच्या हातातल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'ये बाळ' एवढंच लिहिलं होतं. माझ्या खोलीची सोय होईपर्यंत तीन आठवडे मी त्यांच्याकडे राहिले. नंतर दर शनिवार-रविवारी जात राहिले, कारण काकूंनी तसं बजावलंच होतं.

काकांना मासेमारीचा नाद होता. वसाहतीपासून तासाभरावर, नदीवर बांधलेल्या एका जुन्या धरणाच्या जलाशयात ते गळ टाकून बसायचे. पण घरात मासा कधी शिजला नव्हता. काकू कोल्हापूरच्या असल्या तरी पक्क्या शाकाहारी घरातल्या. त्यामुळे काका मासा धरायचे, हातात धरून फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. पंधरा वर्षं हाच क्रम होता. "ह्यांचं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं," असं काकू म्हणायच्या.

त्यांची सून, म्हणजे वहिनी, मालवणची. तिला दुकानातला बर्फातला मासा आवडत नसे, आणि गोड्या पाण्यातल्या माशाचं तर ती नाव काढू देत नसे. मी भीमेकाठची असल्याचं कळल्यावर तिने पहिल्याच दिवशी माझी चेष्टा केली.

"म्हणजे तुम्ही चिखल खाता?"

"वहिनी, एकदा खाऊन तर बघा."

"नको गं बाई. वास येतो त्याला."

"तो पोटातल्या काळ्या पापुद्र्याचा असतो. तो नीट खरवडला की वास जातो. तुमच्याकडे कोणाला साफ करता येत नाही, त्याला मासा काय करणार?"

काका तिथेच बसले होते. ते लगेच ताठ झाले. "तुला साफ करता येतो?"

"काका, मी चालायच्या आधी खवले काढायला शिकले."

पुढच्या शनिवारी त्यांनी पहिल्यांदाच मासा सोडला नाही. हातभर लांबीचा, हिरवट पाठीचा, मोठ्या तोंडाचा. इंग्रजीत त्याला बास म्हणतात. ते नाव ऐकून काकूंना हसू आवरेना. "नावच बास? मग आता बास करा म्हणावं."

काकूंनी स्वयंपाकघर द्यायला नकार दिला, म्हणून गराजमध्ये कॅम्पिंगची शेगडी मांडली. मी आईने शिकवल्याप्रमाणे मासा आधी पाहिला. कल्ले उघडले, ते लालभडक होते. डोळा फुगीर आणि स्वच्छ होता. पाठीवर बोट दाबलं, खळगा लगेच भरून आला. बाजारात आई गिऱ्हाइकाला हेच करून दाखवायची. मी आईच्याच आवाजात म्हटलं, "एक नंबर माल आहे." मग मीठ-हळद चोळली, कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटलं, लसूण, चिंच, घरून आणलेलं तिखट घातलं. वहिनीने आधी नुसता रस्सा बोटाने चाटला. मग ती गराजमधल्या खुर्चीवर बसून दोन वाट्या भात जेवली.

"चिखल कसा आहे?" मी विचारलं.

"गप गं. वाढ अजून."

त्यानंतर दोन आठवड्यांनी कळलं की वहिनीला दिवस गेलेत. दुसरं काही तिच्या पोटात टिकत नव्हतं. वरण बघितलं तरी उलटी व्हायची, पण माशाचा हा आंबट रस्सा चालायचा. काकूंनी डोहाळ्यांपुढे हात टेकले आणि गराजात एक टेबलही मांडून दिलं. काका तर पहाटेपासून तयार असायचे. नातवंडासाठी मासे धरायला निघालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मासा जितका मोठा, तितका त्यांना आनंद जास्त. मलाही. परक्या देशात या घराचे उपकार फेडण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ही एक गोष्ट मला त्यांच्यापेक्षा चांगली येत होती.

जानेवारीत मला विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथे वेगवेगळ्या तळ्यांतून आणि जलाशयांतून आलेल्या माशांतला पारा मोजायचे. काम साधं होतं. गोठवलेल्या माशाची लांबी मोजायची, पाठीचं मांस थोडंसं कापून घ्यायचं, वजन करायचं, आणि बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या पन्हाळीत ठेवून यंत्रात सरकवायचं. त्या पन्हाळीला तिथे होडी म्हणायचे. आत मांस जळतं, पाऱ्याची वाफ होते, आणि पडद्यावर आकडा येतो. मासे सुरीने कापायला मी घाबरत नाही, एवढ्यावरच प्रयोगशाळेच्या प्राध्यापक बाई माझ्यावर खूश होत्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी पिशवीवरची चिठ्ठी वाचली. जलाशयाचं नाव काकांच्या तोंडून दर शनिवारी ऐकलेलं होतं. आत बास होते, काका आणायचे तसेच. आकडा आला. तो मर्यादेच्या बराच वर होता. मला वाटलं माझी वजनात चूक झाली. मी दुसऱ्या माशाचा तुकडा घातला, मग तिसऱ्याचा. सगळ्यात मोठ्या माशाचा आकडा सगळ्यात जास्त होता.

बाईंना दाखवलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "तिथून असेच येतात," त्या म्हणाल्या. "तू जातेस का तिकडे?"

"ओळखीचे एक काका जातात."

"खातात का?"

"कधी कधी," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं, आणि ते म्हणताना मला ते कळत होतं. बाईंनी मग मला समजावून सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी या डोंगरात सोनं सापडलं. लोकांनी पाण्याच्या जोरदार झोताने डोंगरच्या डोंगर फोडून लाकडी पन्हाळींतून धुतले. सोन्याचे कण पकडायला त्या पन्हाळींत पारा ओतायचे. त्यातला पुष्कळ पारा पाण्याबरोबर वाहून गेला आणि नदीच्या गाळात बसला. तो अजून तिथेच आहे. गाळातले जंतू त्याचं विषारी रूप तयार करतात. ते किड्यांत जातं, किडे खाणाऱ्या लहान माशांत जातं, लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातं. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका पारा जास्त. तो मांसातच असतो. धुऊन जात नाही, तळून जात नाही, चिंचेनेही जात नाही. आणि त्याचा सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला.

हे कळल्यावर मी त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी केला नाही. काय सांगायचं, हेच मला सुचेना. काकांनी आनंदाने आणलेला आणि मी मान्यता दिलेला मासा वहिनीने खाल्ला होता. एवढा विश्वास ठेवलेल्या माणसांना जाऊन सांगायचं की मी तुम्हाला विष वाढलं? मी ठरवलं, शनिवारी गेल्यावर समोरासमोर सांगू. शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. मागे वारा ऐकू येत होता.

"आज काय लागलाय म्हणून सांगू! दीड हात असेल. लवकर ये."

"काका, आज जमणार नाही. असाइनमेंट सबमिट करायची आहे."

त्या संध्याकाळी वहिनीने मला फोटो पाठवला. माझ्याकडे बघून बघून ती शिकली होती. तिने स्वतः मासा साफ केला होता, काळा पापुद्रा खरवडला होता आणि खाली लिहिलं होतं: 'गुरूशिवाय जमलं!' मी गेले असते तर तो मासा तिने खाल्ला नसता. आधीचं सगळं न कळता झालं होतं. हा एक मासा माझ्या गप्प बसण्याचा होता.

रविवारी सकाळी मी आईला फोन लावला. तिला पारा वगैरे काही सांगितलं नाही.

"आई, समज तू मासा विकला आणि नंतर कळलं की तो खराब होता. मग?"

"इकला तो इकला." मग जरा थांबून म्हणाली, "गिऱ्हाईक वळखीचं हाय का?"

"हो."

"मग फोनवर काय बसलीस? जा की."

मी बस पकडली आणि दुपारी त्यांच्या घरी पोचले. सगळे जेवणाच्या टेबलावर होते. फक्त काकांचा मुलगा कामासाठी परगावी गेला होता. वहिनीने माझ्यासाठी कालचा रस्सा बाजूला ठेवला होता. तो बघूनच मी उभ्या उभ्या बोलायला लागले. लॅबमध्ये शिकलेले सगळे इंग्रजी शब्द एका दमात वापरले, कागदावर चित्र काढलं, गाळापासून मोठ्या माशापर्यंत बाण काढले.

काकांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. "हे बघ, त्याच धरणाचं पाणी लोक पितात. पाण्याचा रिपोर्ट मी दर वर्षी वाचतो. परफेक्ट असतो."

"पाणी चांगलंच आहे काका. पाण्यात तो अगदी थोडा असतो. माशात साठत जातो."

"तुमचं मशीन कॅलिब्रेट केलेलं होतं?"

"रोज करतो."

"किती मासे टेस्ट केले? तीन? तीन माशांवरून तू कन्क्लूजन काढतेस?" त्यांचा आवाज चढला. "मी इतकी वर्षं तिथे जातोय. आणि पारा तर आयुर्वेदातसुद्धा देतात."

मला त्यांचा राग आला नाही. ते माझ्याशी भांडत नव्हते, हे मला दिसत होतं. नातवंडासाठी आणलेला एकेक मासा त्यांच्या डोळ्यांपुढून जात होता, आणि त्यातला एक जरी वाईट ठरला असता तरी ते त्यांना सोसलं नसतं. मी पुन्हा सोन्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला लागले. काकू मघाशीच उठून ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या होत्या. त्या वळल्या.

"थांब. सोनं धरायला पारा घालायचे? म्हणजे झारेकरी की गं ते."

मला हा शब्द इतके दिवस का सुचला नाही, कोण जाणे. आमच्या तालुक्यातही सोनारांच्या गल्लीत झारेकरी असायचे. दुकानांपुढची धूळ झाडून आणि गटारातला गाळ काढून तो घमेल्यात धुणारे. शेवटी पाऱ्याने त्यातलं सोनं एकत्र करायचे, फडक्यातून पिळायचे आणि पारा जाळून टाकायचे.

"हो काकू," मी म्हणाले. "झारेकरीच. फक्त गल्ली नाही, अख्खा डोंगर धुणारे."

काकू खुर्ची ओढून बसल्या. "आमच्या गुजरीत, सोनारांच्या पेठेत, एक यायचा. सकाळी दुकानं उघडायच्या आत झाडून न्यायचा. त्याचे हात कसे थरथरायचे, कप धरता यायचा नाही त्याला. माझे वडील आम्हाला त्याच्या चुलीपाशी फिरकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, पाऱ्यानं खाल्लंय त्याला." मग त्या काकांकडे वळल्या. "एका माणसाचं एका घमेल्यात असं होत असेल, तर तिथं काय झालं असेल, सांगा की."

त्या झारेकऱ्याला पाऱ्याच्या धुराने बाधलं होतं, आणि माशातला पारा वेगळ्या रूपाचा असतो. हा फरक मला माहीत होता. पण तेव्हा मी तो सांगत बसले नाही. काकांनी चष्मा काढून चित्रावर ठेवला.

वहिनीने एकच प्रश्न विचारला.

"मी किती खाल्ले?"

कोणालाच नक्की सांगता येईना. मग काकांनीच फोन काढला. प्रत्येक माशाचा फोटो त्यात तारखेसह होता, सवयीप्रमाणे हातात धरून काढलेला. आम्ही चौघांनी तो फोन टेबलाच्या मध्ये ठेवला आणि एकेक फोटो पाहत गेलो. "हा शेजाऱ्यांना दिला होता." "हा अर्धाच खाल्ला, मला मळमळत होतं." "हा मी खाल्ला, ती झोपली होती." शेवटी तेरा उरले. तेरावा कालचा होता.

"काल तू का आली नाहीस, ते कळलं आता," वहिनी म्हणाली.

"मला मंगळवारीच कळलं होतं, वहिनी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. काकूंनी उठून उरलेला रस्सा एका पिशवीत ओतला, पिशवीला गाठ मारली आणि बाहेर नेऊन टाकला. परत येताना त्या म्हणाल्या, "बास म्हणजे बास." या वेळी कोणी हसलं नाही.

सोमवारी वहिनी डॉक्टरांकडे गेली. मीही बरोबर गेले, कारण तिने बोलावलं. फोटोंची यादी मी लांबीसह लिहून नेली होती. डॉक्टर बाईंनी ती नीट वाचली आणि रक्त घेतलं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काकांनी मला एकदाही फोन केला नाही. रिपोर्ट ऐकायला आम्ही दोघी पुन्हा गेलो. पारा हवा त्यापेक्षा जास्त होता, पण घाबरून जावं इतका नव्हता. हे मासे बंद केले की तो काही महिन्यांत आपोआप उतरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाळाला काही झालं नसेल याची खात्री द्याल का, असं वहिनीने विचारलं. तशी खात्री कोणीच देत नाही, त्या म्हणाल्या, पण वेळेवर थांबलात. आणि निघताना म्हणाल्या, मासे सोडू नका, हा मासा सोडा. बाळाला मासे लागतात. लहान, समुद्रातले खा. सार्डिन चांगले.

"सार्डिन म्हणजे तारली," वहिनी मला मराठीत म्हणाली. चार दिवसांत तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा गराजमध्ये शेगडी नव्हती. काकू स्वतः दुकानात जाऊन तारल्या घेऊन आल्या होत्या, आणि वहिनी त्या आतल्या ओट्यावर, काकूंच्या गॅसवर शिजवत होती. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. काकू पदर नाकाला लावून शेजारी उभ्या होत्या आणि तिला म्हणत होत्या, "मीठ घातलंस का? नाही? मग घाल की. मी काय चाखून बघणार आहे का?"

काका बाहेर अंगणात होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"काल गेलो होतो तिकडे," ते म्हणाले. "गळ नेला नव्हता. होड्या उतरवतात तिथे बोर्ड आहे. माशाचं चित्र, खाली बाईचं चित्र, मुलाचं चित्र. सगळं स्पष्ट लिहिलंय. मला वाटायचं, लायसन्सचे नियम असतील. पंधरा वर्षं त्याच्याच शेजारी गाडी लावतोय मी."

माझ्या आईला अक्षर वाचता येत नाही. तिने तो बोर्ड पाहिला असता तर कदाचित ती चित्रांपाशी थांबली असती. पण हे मी काकांना बोलले नाही. "तुम्ही सोडत होता तेच बरोबर होतं, काका," एवढंच म्हणाले. "मी आले आणि तुम्ही सोडायचं थांबवलंत."

"तू आलीस म्हणून थांबलो, आणि तू सांगितलंस म्हणून पुन्हा सोडणार," ते म्हणाले. "चल आत. मला तो तारल्यांचा वास सहन होत नाही, पण कौतुक करायला लागेल."

जूनमध्ये मुलगी झाली. आता ती तीन वर्षांची आहे. आजपर्यंतच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि आजोबांच्या चष्म्याच्या मागे लागते. तिचं एखादं अक्षर उशिरा आलं की वहिनी एकदा माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे, आता नोकरीवर.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. मासळीच्या काउंटरवर वहिनीने एक मासा उचलून माझ्यापुढे धरला.

"बघ गं, कसा आहे?"

मी कल्ले उघडले. लाल होते. डोळा स्वच्छ होता. पाठीवर बोट दाबलं.

"ताजा आहे," मी म्हणाले. मग काउंटरमागच्या माणसाकडे वळून विचारलं, हा कुठल्या पाण्यातला?